कुत्र्यांची बाग : फलक प्रशासनाचा, जागा सगळ्यांची, मग सांभाळायची कोणी?

वाकडं_शेपूट (धागाकर्ता)

आमच्या वस्तीत कुत्र्यांना पट्ट्याशिवाय सोडता येईल अशी कुंपणाची जागा झाली आहे. म्हणजे डॉग पार्क. जागा सार्वजनिक. प्रशासनाने कुंपण घातलं, फाटक बसवलं, बाक टाकले, नियमांचा भलामोठा फलक ठोकला आणि त्यांच्या लेखी विषय संपला.

सुरुवातीला सगळे एकमेकांशी फारच गोड बोलत होते. आता रोज कुरबुर. शी उचलायची राहते. लहान कुत्रेवाले मोठ्या कुत्रेवाल्यांवर डाफरतात. एक गृहस्थ सहा-सहा कुत्री घेऊन येतात आणि फोनवर बोलत बसतात. सकाळचे म्हणतात घाण संध्याकाळचे करतात, संध्याकाळचे म्हणतात सकाळचे.

आमच्यात आता सरळ तट पडलेत. काहींना पहारेकरी आणि दंड हवाय. काहींना फाटकाला कुलूप लावून सभासदांनाच किल्ली द्यायची आहे. उरलेले म्हणतात, होईल हळूहळू सगळं नीट, कटकट नको.

मला आदर्श नियमावली नकोय, ती फलकावर आहेच आणि ती कोणी वाचत नाही. तुमच्याकडे प्रत्यक्षात काय टिकलं आणि कशाचा बोजवारा उडाला, तेवढं सांगा.

गोचीड

बाक सगळ्यांचे, शी कोणाचीच नाही. (दिवे घ्या.)

उंच_कुंपण

कॅमेरा लावा, गाडीसारखी कुत्र्याची नोंदणी करा, दंड करा. आठ दिवसांत सरळ होतील. विनंत्या करून झाल्या, गोड फलक लावून झाले, 'कृपया' लिहून झालं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही म्हण बहुतेक डॉग पार्कवरूनच आली असावी.

कोपऱ्यातला_बाक

उंच_कुंपण, कॅमेऱ्याचं चित्रण रोज बसून बघणार कोण? आमच्याकडे लावला होता. त्यात सगळी कुत्री सारखी दिसायची आणि सगळी माणसं पाठमोरी.

धागाकर्ते, आमची बाग बरीच जुनी आहे आणि बऱ्यापैकी चालते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे, तुमची बाग एक नाही. प्रत्येक वेळेची बाग वेगळी असते. पहाटेची मंडळी वेगळी, ऑफिसआधीची वेगळी, दुपारी येणारे निवृत्त लोक आणि रात्रपाळीवाले वेगळे, संध्याकाळची जत्रा आणखी वेगळी. हे लोक एकमेकांना कधी भेटतच नाहीत, म्हणून एकमेकांवर ढकलणं सोपं जातं. आम्ही प्रत्येक वेळेचा एक माणूस धरला. पद नाही, बिल्ला नाही. फक्त त्याचा नंबर बाकीच्यांकडे. सकाळी फाटकाची कडी निखळली तर ती संध्याकाळच्या माणसाला कळते. एवढ्यानेच निम्मं भांडण संपलं, कारण 'ते संध्याकाळचे' याला आता एक चेहरा आला.

दुसरी गोष्ट शीची. मुद्दाम सोडून जाणारे लोक फार थोडे असतात. बहुतेकांनी पाहिलेलीच नसते. माणूस बाकावर, नजर फोनवर, कुत्रा पलीकडच्या कोपऱ्यात. आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. कोणाच्या कुत्र्याने केलेली दिसली की ज्याला दिसली तो पिशवीचं तोंड बोटांनी चोळून, उघडून, मालकाच्या हातात देतो आणि म्हणतो, "तुमच्या राजाने त्या झाडामागे केली बघा." बस्स. उघडलेली पिशवी हातात आल्यावर कोणीही नाही म्हणत नाही. पिशवी बंद असेल तर मात्र खिसे चाचपडायला वेळ मिळतो.

आणि कचरापेटी फाटकाशीच नको. एक फाटकाशी आणि एक सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. कुत्री तिकडेच जातात, माणसं तिकडून परत चालायला कंटाळतात.

गोचीड

पिशवी चोळून उघडणं हेच खरं समाजकार्य. माझी तर कधी पहिल्या फटक्यात उघडत नाही.

भित्रा_ससा

कुत्रा नसलेल्या माणसाने इथे बोललं तर चालेल ना?

मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणापासून. मी 'भीक नको पण कुत्रा आवर' पंथातला. तरीही मी आमच्या डॉग पार्कसाठीच्या अर्जावर सही केली होती, कारण मला वाटलं की कुत्री कुंपणाच्या आत गेली की उरलेली बाग आमच्यासारख्यांना मिळेल. झालंय काय, की कुंपणाच्या आत सगळं शिस्तीत आहे, पण फाटकापर्यंतच्या वाटेवरच लोक पट्टा सोडतात. "आता आलोच की, कशाला अडकवून ठेवायचं." मग तो भलामोठा प्राणी आनंदाने माझ्याकडे धावत येतो आणि मागून ते अजरामर वाक्य येतं : "तो काही करत नाही हो!"

तो काही करत नसेल. माझ्या छातीचे ठोके मात्र बरंच काही करतात.

दोन_पट्टे

भित्रा_ससा, तुमची भीती समजते. पण माझे दोघे खरंच काही करत नाहीत.

गोचीड

आला. वाक्य आलं. घड्याळ लावून बसलो होतो.

उंच_कुंपण

भित्रा_ससा यांना जोरदार अनुमोदन. पट्टा आतल्या फाटकात गेल्यावरच सुटला पाहिजे.

कोपऱ्यातला_बाक

यावरून आठवलं. धागाकर्ते, तुमचं फाटक एकेरी आहे की दुहेरी? दोन दारांमध्ये छोटी चौकट असेल तर लोक आपोआप तिथेच पट्टा सोडतात. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. एकेरी फाटक असेल तर दार उघडताच आतला एखादा निसटतो, मग त्याच्यामागे धावाधाव, आणि तो थेट रस्त्यावर. बाकीच्या सगळ्या मागण्या बाजूला ठेवा, पण प्रशासनाकडे ही पहिली मागा.

शीळवाली

मी कुत्र्यांना शिकवण्याचं काम करते, त्यामुळे माझं मत थोडं कडू लागेल.

डॉग पार्क प्रत्येक कुत्र्यासाठी नसतो. बरीच कुत्री तिथे मजा करत नसतात, ती तग धरून असतात. शेपूट पायांत, कान मागे, मालकाच्या पायांमागे लपणं, सारखी जीभ ओठांवरून फिरवणं, न झोपता जांभया देणं. मालक म्हणतो, "लाजतोय जरा, होईल सवय." नाही होत. अशा कुत्र्याला एखादा ओळखीचा मित्र आणि लांब फेरफटका जास्त मानवतो.

भांडणं कुठे होतात हे कधी नीट पाहिलंय का? मैदानाच्या मध्यात कमी, फाटकाशी जास्त. नवीन कुत्रा चौकटीत आला की आतली सगळी तिकडे धावतात. आत आलेला अडकलेला असतो, मागे दार, पुढे सात-आठ नाकं. त्यात मालकाने घाबरून पट्टा ताणून धरला तर आगीत तेलच. कारण पट्ट्यातल्या कुत्र्याला पळायची वाट नसते, आणि ज्याला पळता येत नाही तो दात दाखवतो. म्हणून फाटकाशी कोणी आलं की आतल्या प्रत्येकाने आपापलं कुत्रं हाक मारून मागे न्यायचं. फलकावर एकच नियम लिहायचा झाला तर मी हा लिहीन.

खेळ आणि भांडण यांतला फरक ओळखायचा असेल तर अदलाबदल बघा. खेळात आळीपाळीने पळतात, आळीपाळीने खाली पडतात, मध्येच पुढचे पाय टेकवून ढुंगण वर करतात. एकच कुत्रा सतत खाली आणि एकच सतत वर असेल तर वरच्याला क्षणभर बाजूला धरा. खालचा पुन्हा त्याच्याकडेच आला तर खेळ होता. पळून गेला तर उत्तर मिळालं.

आणि धागाकर्ते, ते सहा कुत्रीवाले गृहस्थ. एका माणसाला सहा कुत्र्यांवर मोकळ्या जागेत लक्ष ठेवता येत नाही. मलाही येत नाही. माणशी दोन, फार तर तीन.

दोन_पट्टे

शीळवाली, 'लाजतोय' वाला मुद्दा लागला मनाला. माझ्यातला धाकटा असाच बाकाखाली बसतो. उद्या नीट बघते.

तळमजला

माझं घर डॉग पार्कला लागून आहे. कुत्रा नाही, भीती नाही, कुत्री आवडतात. पण पहाटे साडेपाचला? एक भुंकला की सगळे. रविवारी तर आधी मालकच ओरडतात, "ब्रूनो! ब्रूनो! ब्रूनो!"

गोचीड

आणि ब्रूनो चार आहेत. चारही येत नाहीत.

परदेशी_पाऊल

हल्ली मुक्काम न्यूयॉर्क. वेळेवरून आठवलं म्हणून लिहिते.

इथे दोन प्रकार आहेत. एक कुंपणाचे डॉग रन. त्यातले बरेचसे स्वयंसेवकांचे गट सांभाळतात, शहराचं उद्यान खातं मागे असतं. दुसरा प्रकार मला जास्त आवडतो : काही मोठ्या बागांत ठरावीक भागात, बाग उघडल्यापासून सकाळी ९ पर्यंत आणि रात्री ९ पासून बाग बंद होईपर्यंत कुत्री मोकळी सोडता येतात. त्या वेळेबाहेर पट्टा सक्तीचा. ही सवलत बरीच वर्षं अलिखित होती, २००७ मध्ये ती नियमांत आली. रेबीजची लस आणि परवाना यांचा पुरावा जवळ ठेवावा लागतो.

म्हणजे तीच हिरवळ सकाळी कुत्र्यांची आणि दहा वाजता बाळांच्या गाड्यांची. कुंपण जागेला नाही, वेळेला आहे. ज्यांना सोबत नको ते घड्याळ बघून येतात. भित्रा_ससा, तुम्हाला ही पद्धत कशी वाटते?

भित्रा_ससा

कागदावर छान. पण नऊ वाजून पाच मिनिटांनी "निघालोच" म्हणणारे असतील ना? आणि हिरवळीवर बाळं खेळणार असतील तर नऊच्या आधी ती स्वच्छ झाली हे कोण बघणार? मला कुंपण जास्त भरवशाचं वाटतं. कुंपणाला "निघालोच" म्हणता येत नाही.

परदेशी_पाऊल

"निघालोच" वाले इथेही आहेत. जगभर आहेत.

चष्मिस

वेळेचं कुंपण आणि जागेचं कुंपण, दोन्हींचा विचार एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या कामात मिळतो. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सगळ्यांच्या मालकीची वस्तू सगळे मिळून ओरबाडतात, म्हणून एक तर सरकारने ताब्यात घ्यावी नाही तर खासगी करावी, असं तेव्हा बहुतेक अर्थतज्ज्ञ मानत. बाईंनी जगभरची पाटबंधाऱ्याची पाणीवाटपं, मासेमारी, डोंगरातली सामायिक कुरणं तपासली आणि दाखवलं की तिसरी वाट आहे. लोक स्वतःच नियम करून पिढ्यान्‌पिढ्या अशा गोष्टी टिकवतात. मात्र काही अटी असतात. हद्द स्पष्ट असावी. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांचा ते बनवण्यात हात असावा. लक्ष ठेवणारे वापरणाऱ्यांपैकीच असावेत. चुकणाऱ्याला शिक्षा पायरीपायरीने वाढावी. आणि तंटा सोडवायची जागा जवळ आणि स्वस्त असावी.

आता धागाकर्त्यांचा फलक बघा. नियम वापरणाऱ्यांनी केलेले नाहीत. लक्ष ठेवणारं कोणी नाही. शिक्षा एकदम दंडाची, म्हणून कोणी करतच नाही. कोपऱ्यातला_बाक यांची उघडलेली पिशवी ही शिक्षेची पहिली पायरी आहे, तीही हसत दिलेली.

गोचीड

नोबेलपर्यंत गेला हा धागा. आणि सुरू झाला होता कुठून.

उंच_कुंपण

चष्मिस, सगळं पटलं, पण पहिली अट विसरू नका : हद्द. ती पाटबंधाऱ्याची शेतकरी मंडळी एकमेकांना ओळखतात. डॉग पार्कमध्ये कोणीही कुठूनही येतं. म्हणूनच किल्ली हवी. नोंदणी, लसीचा दाखला, वार्षिक वर्गणी, मग फाटकाचा कोड. त्याच पैशातून साफसफाई.

मृण्मयी

उंच_कुंपण, वर्गणी कोण भरणार नाही ते आधीच सांगता येतं. भाड्याने राहणारे, एकटे राहणारे वृद्ध, ज्यांना ऑनलाइन अर्ज जमत नाही ते. जागा सार्वजनिक आहे. कुलूप लावल्यावर ती क्लब होते, मग क्लबसारखी जागा विकत घ्या.

उंच_कुंपण

मग लस न दिलेलं पिल्लू आत आलं तर? तेव्हा समता आठवेल का?

गुरांचा_डॉक्टर

लसीचा विषय निघालाच आहे तर.

पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणाऱ्या रोगाचा, विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, सावली आणि ओल असेल तर वर्षभरसुद्धा. साबणाला, अल्कोहोलच्या जंतुनाशकाला तो दाद देत नाही. ब्लीचने मरतो, पण मातीत ब्लीच ओतून उपयोग नसतो, मातीच त्याचा जोर संपवते. म्हणून पिल्लाची लसींची पहिली मालिका पुरी होईपर्यंत बागेत नेऊ नका. शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर असतो, आणि त्यापुढेही आठवडा-दोन आठवडे थांबायचं.

साचलेलं पाणी हा दुसरा धोका. लेप्टोस्पायरोसिस मूत्रातून पसरतो आणि तो माणसालाही होतो. डबकं दिसलं की माती टाकून बुजवा. सगळ्यांचं मिळून एक पाण्याचं भांडं ठेवण्यापेक्षा आपापलं आणा, खोकल्याची साथ असेल तेव्हा तर नक्कीच.

आता शीबद्दल, कारण 'पावसाने वाहून जाईल' असं म्हणणारे दर बागेत भेटतात. गोलकृमीची अंडी शीतून बाहेर पडतात तेव्हा लगेच लागण करत नाहीत. मातीत ती तयार व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. त्याच दिवशी उचललीत तर धोका पिशवीतच संपला. राहिली तर शी दिसेनाशी होते, अंडी मातीत राहतात, आणि वर्षानुवर्षं जिवंत राहतात. मातीत खेळून हात तोंडात घालणाऱ्या मुलांना त्यांची लागण होते, क्वचित डोळ्यालाही इजा होते. म्हणजे उचलणं हा शिष्टाचाराचा भाग नाहीच, तो औषधाचा भाग आहे.

आणि हो, 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' असं सांगणाऱ्यांना माझ्या दवाखान्यात पाठवा. टाके दाखवतो.

शीळवाली

डॉक्टर, पिल्लाबद्दल एक पुरवणी. माणसं, आवाज, इतर कुत्री यांची भीती मोडण्याचं पिल्लाचं वय साधारण चौदा आठवड्यांच्या आसपास संपत जातं. म्हणजे लस पुरी होईपर्यंत घरात कोंडून ठेवलं तर ती संधी हातची जाते. बागेत नका नेऊ, पण कडेवर घेऊन बागेच्या कुंपणाबाहेर उभे राहा. लस झालेल्या, शांत, ओळखीच्या कुत्र्याला घरी बोलवा.

गुरांचा_डॉक्टर

पूर्ण सहमत. कडेवर. खाली नाही.

वाकडं_शेपूट (धागाकर्ता)

बापरे, एवढे प्रतिसाद. धन्यवाद सगळ्यांना. फाटक एकेरीच आहे. दुहेरीचा अर्ज आज लिहितो.

मृण्मयी, तुम्ही इतर धाग्यांवर बागकामाबद्दल लिहिता म्हणून विचारतो. आमच्याकडे फाटकापाशी नुसता चिखल आहे. गवत दोनदा लावलं, दोनदा गेलं. काही जण म्हणतात कृत्रिम गवत टाका.

मृण्मयी

फाटकाशी गवत लावूच नका. जिथे रोज इतके पाय घसरत वळतात तिथे कोणतंच गवत तगत नाही. त्या भागात लाकडाचे तुकडे किंवा बारीक, गोल कडांची खडी टाका, खाली पाणी मुरेल असा थर देऊन. लाकूड कुजतं, अधूनमधून भर घालावी लागते, ते धरूनच चाला.

आतल्या गवतावरचे पिवळे गोल चट्टे मूत्रातल्या नत्रामुळे पडतात. जास्त झालेल्या खतासारखंच ते. म्हणून चट्ट्याच्या कडेने गवत जास्त हिरवं दिसतं. लगेच पाणी मारलं तर वाचतं. खरा उपाय म्हणजे विश्रांती. जागा पुरेशी असेल तर मधून तात्पुरतं जाळीचं कुंपण घालून अर्धी बाग बंद ठेवायची, गवत सावरलं की दुसरी अर्धी. लोक पहिल्यांदा आरडाओरडा करतात. दुसऱ्यांदा स्वतःच विचारतात, "यंदा कधी बंद करायची?"

कृत्रिम गवत उन्हात तापतं, पंजे भाजतात, आणि नीट धुतलं नाही तर मूत्राचा वास धरून ठेवतं. सावली नसेल तर नकोच.

आणखी एक, कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं : कुत्र्याची शी खत म्हणून झाडांना घालू नका. घरगुती ढिगाऱ्यात उष्णता ६० अंशांच्या वर टिकून राहत नाही, आणि ती टिकल्याशिवाय डॉक्टरांनी सांगितलेली अंडी मरत नाहीत.

दोन_पट्टे

बाकाखाली बसणाऱ्या धाकट्याला आज शीळवालींनी सांगितल्यासारखं बघितलं. जांभया देत होता. दहा मिनिटांत दोघांना घेऊन बाहेर पडले आणि नुसतं लांब चालून आलो. घरी येऊन असा झोपला की बस.

अवांतर : तिथल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही हे आज लक्षात आलं. 'लिओचे बाबा', 'सुंदरीची आजी'. मीही कुणाच्या तरी फोनमध्ये 'दोन पट्टे' असेन.

कोपऱ्यातला_बाक

हे अवांतर नाही. आमच्याकडे एकदा दोन कुत्र्यांची जुंपली, एकाचा कान फाटला, आणि गडबडीत दुसरा मालक कुत्रा घेऊन निघून गेला. सगळ्यांना कुत्र्याचं नाव ठाऊक, रंग ठाऊक, त्याला चेंडू आवडतो हे ठाऊक. मालकाचं नाव, पत्ता, नंबर, काही नाही. लसीची खात्री करायलाही मार्ग नव्हता. त्यानंतर आम्ही ठरवलं : काही झालं तर आधी दोघांनी नंबर द्यायचे, लसीच्या पुस्तिकेचा फोटो एकमेकांना पाठवायचा, उपचाराचा खर्च कोणी करायचा ते नंतर डोकं थंड झाल्यावर. त्या जागी उभं राहून चूक कोणाची यावर एक शब्द नाही.

तळमजला

कान फाटला तो दिवस म्हणजे आमच्या खिडकीतून थेट प्रक्षेपण झालं असणार. बरं, जुंपली तर सोडवायचं कसं? लोक मध्ये हात घालतात ते बघून माझ्याच पोटात गोळा येतो.

शीळवाली

हात अजिबात घालायचा नाही, गळ्यातल्या पट्ट्याला तर नाहीच. चावा बहुतेक वेळा सोडवणाऱ्याच्या हातालाच बसतो, कुत्र्याला त्या क्षणी कोणाचा हात ते कळत नाही. आधी मोठा आवाज, पाणी, किंवा मध्ये एखादी फळी, छत्री, मिळेल ती आडवी वस्तू. नाहीच जमलं तर दोन माणसांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशी धरून उचलायचे आणि मागे मागे चालत जायचं. एकाच वेळी, हे महत्त्वाचं. एकानेच ओढलं तर दुसरा मोकळा राहून चावत राहतो. मारायचं नाही, मारल्याने जोर वाढतो.

बरीच भांडणं टाळता येतात. खाऊ आणि आवडतं खेळणं आत आणायचं नाही, माजावरची मादी आणायची नाही, आणि लहान कुत्र्यांसाठी वेगळा भाग. मोठं कुत्रं वाईट असतं म्हणून नव्हे. लहानगं किंचाळत पळालं की मोठ्याच्या डोक्यात खेळाची जागा क्षणात शिकार घेते. अगदी गरीब स्वभावाच्याही.

उंच_कुंपण

चेंडूवर बंदी हवीच. आमच्याकडे सगळी भांडणं चेंडूवरून.

दोन_पट्टे

अहो पण चेंडू नाही तर माझा मोठा तिथे करणार काय? तो इतर कुत्र्यांकडे ढुंकूनही बघत नाही. चेंडूसाठीच येतो.

उंच_कुंपण

मग गर्दी नसताना या.

दोन_पट्टे

गर्दी नसते तेव्हा मी ऑफिसात असते.

संपादक_मंडळ

चेंडूवर स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. मागच्या वेळचा कुलूपबंद करावा लागला होता.

चष्मिस

किल्लीच्या वादावर एक उदाहरण. १९७९ मध्ये बर्कलीत ओलोनी पार्कमध्ये कुत्र्यांसाठी राखून ठेवलेली जागा सुरू झाली. अमेरिकेतला पहिला डॉग पार्क म्हणून तिचं नाव घेतलं जातं. ती चालवण्यात तिथे येणाऱ्या लोकांच्या संघटनेचा मोठा वाटा राहिला. मला वाटतं उंच_कुंपण यांना हवी असलेली हद्द कुलपाने येत नाही, ती कामाने येते. जो कधीतरी झाडू हातात घेतो त्याला बाकीचे ओळखतात.

उंच_कुंपण

आणि जो कधीच घेत नाही त्याला?

चष्मिस

त्यालाही ओळखतात. चांगलंच.

तळमजला

झाडूच्या आधी माझा पहाटेचा प्रश्न तेवढा घ्या. उपाय मीच सुचवतो. बाक आणि फाटक घरांपासून लांबच्या बाजूला घ्या. माणसं जिथे बसतात तिथे कुत्री घोळका करतात आणि फाटकाशी सगळ्यात जास्त भुंकतात. झाडं-झुडपं लावून आवाज फारसा थांबत नाही, पण रस्त्यावरचं जाणारं-येणारं दिसेनासं झालं की भुंकण्याचं कारण कमी होतं. आणि सातच्या आधी ब्रूनोला हाक मारू नका. जाऊन आणा.

वाकडं_शेपूट (धागाकर्ता)

पुन्हा येऊन लिहितोय. काल फाटकापाशी बैठक झाली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, प्रत्येक वेळेचं कोणी ना कोणी आलं. सकाळच्यांना संध्याकाळचे प्रत्यक्ष दिसल्यावर दोन्हींकडची भाषा पुष्कळ मवाळ झाली. त्यात सकाळची एक आणि संध्याकाळचे एक नवरा-बायको निघाले. एकच कुत्रा दोन वेळा आणतात.

ठरलं ते असं : प्रत्येक वेळेचा एक माणूस. दुसरी कचरापेटी लांबच्या कोपऱ्यात, ती आम्हीच आणायची, रिकामी करायचं मात्र सफाई खात्याने मान्य केलंय. दुहेरी फाटकाचा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी गेला. पट्टा आतच सोडायचा, आणि दार मोकळं नसेल तर बाहेर थांबायचं. पाऊस संपल्यावर अर्धी बाग गवतासाठी बंद. सहा कुत्रीवाले गृहस्थ आले होते. ते कुत्री फिरवून पोट भरतात, ही माहिती आम्हा कोणालाच नव्हती. माणशी तीनवर ते कुरकुरत का होईना तयार झाले, दोन फेऱ्या करतील, फक्त दुपारची निवांत वेळ त्यांना हवी आहे. दुपारवाल्यांनी दिली.

न ठरलेलं : लहान कुत्र्यांचा वेगळा भाग. जागा अरुंद आहे, मध्ये कुंपण घातलं तर मोठ्यांना पळायला उरत नाही. तूर्त रोज एक तास फक्त लहानांचा. तो कोणता, यावर अजून जुंपलेली आहे. चेंडूचं काहीही ठरलं नाही.

किल्लीचा प्रस्ताव मतांनी पडला. उंच_कुंपण, क्षमस्व.

उंच_कुंपण

पडू दे. वर्षभराने पुन्हा मांडा. बाकी दुहेरी फाटक मंजूर झालं तर आतल्या दाराची कडी कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर बसवू देऊ नका. ठेकेदार बसवतात. आमच्याकडे एकाने स्वतः उघडायला शिकून बाकीच्यांना सोडलं होतं.

गोचीड

त्याचं नाव ब्रूनो का?

भित्रा_ससा

माझा एक प्रश्न राहिला. फाटकाबाहेर थांबायचं म्हणता, तर ते पट्टा धरून थांबणारे लोक पायवाटेवरच उभे राहणार. म्हणजे मी जाणार कुठून? चौकटीशेजारी दोन हात जागा आधीच सोडून घ्या, अर्जात घालता येईल का अजून?

वाकडं_शेपूट (धागाकर्ता)

अर्ज गेलाय, पण मोजणीला माणूस येणार आहे मंगळवारी. तेव्हा दाखवतो. तुम्ही आलात तर बरं होईल, पायवाटेवरून कोण कसं जातं ते आम्हा कुत्रेवाल्यांना काय सांगता येणार. त्या वेळी सगळी कुत्री घरी असतील, शब्द देतो.

भित्रा_ससा

येतो. पण 'काही करत नाही' म्हणायचं नाही.